चारशे हर्ट्झची फट

रेडिओ कुठला घ्यायचा हे आठवड्यात ठरलं. त्यात बसवायचे फिल्टर कुठले, यात माझे तीन महिने गेले.

रेडिओ होता एलेक्राफ्टचा के-३. वेन बर्डिक आणि एरिक स्वार्ट्झ या दोन हॅमनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेली ही कंपनी. २००७ मध्ये आलेल्या त्यांच्या के-३ ने काँटेस्ट खेळणाऱ्यांच्या टेबलावर लवकरच जागा मिळवली. मला मिळणारा सेट वापरलेला होता. विकणाऱ्याने आत मूळचा २.७ किलोहर्ट्झचा एकच फिल्टर ठेवला होता. मुख्य रिसीव्हरमध्ये फिल्टरसाठी जागा पाच. एक भरलेली, चार मोकळ्या. आणि कंपनीची यादी लांबलचक: एफएमसाठी १३ किलोहर्ट्झ, एएमसाठी ६, मग २.८, २.१, १.८, १.०, आणि खाली हर्ट्झमध्ये ५००, ४००, २५०, २००. नव्या फिल्टरची किंमत तेव्हा बहुतेक वेळा शंभर डॉलरच्या वर होती, शिवाय कुरियर आणि कस्टम. चारही जागा भरायच्या तर तेवढ्या पैशांत गच्चीवर एक चांगला अँटेना उभा राहतो.

‘‘सगळ्यात अरुंद घ्या, सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल,’’ असं एका ओळखीच्या हॅमने पहिल्याच दिवशी सांगितलं. सल्ला मनापासूनचा होता, पण चुकीचा होता. तो का चुकीचा आहे हे नीट कळायला मला डोंबिवली, नाशिक आणि लॅमिंग्टन रोड असा फेरा घालावा लागला.

ज्यांनी हॅम रेडिओ कधी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी आधी गर्दीबद्दल सांगते. आपल्याकडे चाळीस मीटरचा बँड म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, दोनशे किलोहर्ट्झची पट्टी. बोलणारा माणूस साइडबँडवर त्यातली सुमारे अडीच ते तीन किलोहर्ट्झ जागा घेतो. मोर्स पाठवणाऱ्याला, म्हणजे सीडब्ल्यूवाल्याला, शंभर-दीडशे हर्ट्झ पुरतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी जगभरची मोठी सीडब्ल्यू काँटेस्ट असते, सलग अठ्ठेचाळीस तास. त्या रात्री बँडच्या खालच्या टोकाला स्टेशनं इतकी दाटीवाटीने बसलेली असतात की २.७ किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून एका वेळी दहा-बारा जणांची टिकटिक कानात शिरते. त्यातला एकच आपल्याला हवा असतो, आणि तो बहुधा सगळ्यांत क्षीण असतो.

त्याला वेगळा काढणारी वस्तू म्हणजे स्फटिकाचा फिल्टर. क्वार्ट्झ दाबला की त्यावर वीज उमटते, हे पिएर आणि जॅक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही खरं: वीज दिली की स्फटिक थरथरतो, आणि प्रत्येक चकती तिच्या जाडीनुसार ठरलेल्या एका कंप्रतेला सर्वांत मोकळेपणी थरथरते. हे थरथरणं किती काटेकोर असतं ते आकड्यातच पाहायला हवं. के-३ मध्ये आलेला सिग्नल आधी ८.२१५ मेगाहर्ट्झवर आणला जातो आणि तिथे तो फिल्टरमधून जातो. ८२ लाख हर्ट्झमधले चारशे निवडायचे, म्हणजे वीस हजारांत एक भाग. पुणे ते मुंबई या दीडशे किलोमीटरच्या रस्त्यावर सात-आठ मीटरचा एक तुकडा तेवढा खुला ठेवायचा आणि बाकी सगळा बंद, असं हे काम आहे. तारेची कॉइल आणि कपॅसिटर यांच्या जोडीला ते जमत नाही. बरी कॉइल असली तरी तिथे तिची फट चाळीस किलोहर्ट्झच्या आसपास राहते. क्वार्ट्झ कॉइलपेक्षा शेकडो पटींनी काटेकोर असतो, म्हणून तो हे काम करतो.

हॅमच्या रिसीव्हरमध्ये ही युक्ती रुजवली जेम्स लॅम्बने. अमेरिकेतल्या ‘क्यूएसटी’ मासिकात १९३२ मध्ये त्याने एका स्फटिकाच्या जोरावर चालणारा रिसीव्हर मांडला. तोवर मोर्सचा प्रत्येक सिग्नल डायलवर दोनदा ऐकू यायचा: मध्यबिंदूच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा. लॅम्बच्या रिसीव्हरने त्यातली एक बाजू दाबून टाकली. बँड एका रात्रीत दुप्पट मोठा झाल्यासारखं तेव्हाच्या माणसांना वाटलं असेल. मग दुसरं महायुद्ध आलं. ब्राझीलच्या खाणींतला क्वार्ट्झ जहाजांनी अमेरिकेत गेला आणि रणगाडे-विमानांच्या वायरलेससाठी त्याच्या कोट्यवधी चकत्या कापल्या गेल्या. युद्ध संपल्यावर हा माल मातीमोलाने बाजारात आला. रणगाड्यातल्या सेटचे ‘एफटी-२४१’ जातीचे स्फटिक जुळवून हॅमनी साइडबँडचे फिल्टर घरी बांधले.

डोंबिवलीला ज्यांच्याकडे गेले ते काका निवृत्त अभियंते आहेत, चाळीस वर्षांहून जुने परवानाधारक. त्यांच्या टेबलावर केनवूडचा टीएस-८३० एस आहे, १९८० च्या सुमाराचा, अजूनही रोज चालणारा. मी फिल्टरची यादी पुढे ठेवली. त्यांनी ती न वाचता विचारलं, ‘‘तुम्ही ऐकता काय?’’

‘‘बहुतेक सीडब्ल्यू. रविवारी सकाळी साइडबँडवर नेटच्या गप्पा.’’

‘‘एएम? एफएम?’’

‘‘नाही.’’

‘‘मग यादीतले दोन गेले. बसा.’’

त्यांनी मला त्यांच्या रेडिओत काय आहे ते ऐकवलं. टीएस-८३० मध्ये सिग्नल दोन ठिकाणी गाळला जातो, एकदा ८.८३ मेगाहर्ट्झवर आणि एकदा ४५५ किलोहर्ट्झवर. सीडब्ल्यूचे पाचशे हर्ट्झचे फिल्टर दोन्ही ठिकाणी वेगळे घालता येतात. काकांनी पहिला १९८० च्या दशकात एका परदेशातून येणाऱ्या नातलगाकडून मागवला, दुसरा सहा वर्षांनी. एकट्या फिल्टरवर शेजारचा जोरदार सिग्नल बारीक होई, पण पुसट का होईना मागे रेंगाळत राही. दोन्ही चालू केले तेव्हा तो नाहीसा झाला. हे कानांनी ऐकल्यावर मला ‘उतार’ या शब्दाचा अर्थ कळला.

कॅटलॉगमध्ये फिल्टरची रुंदी सांगतात ती माथ्याची, सिग्नल सहा डेसिबलने उतरतो त्या पातळीवरची. पण डोंगराचा माथा लहान असला म्हणून पायथाही लहान असतो असं नाही. पायथा साठ डेसिबल खाली मोजतात, आणि पायथ्याच्या रुंदीला माथ्याच्या रुंदीने भागलं की फिल्टरचा खरा स्वभाव कळतो. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. एखादा डोंगर चहूबाजूंनी सावकाश उतरत जातो. त्याच्या सोंडेवरून कुणीही वर येतं. एखाद्या किल्ल्याचा माथा सपाट आणि खाली सरळ कडा, दरवाज्याशिवाय वाट नाही. चांगला फिल्टर असा कातळकड्याचा असतो. आठ स्फटिकांच्या चांगल्या साइडबँड फिल्टरमध्ये ही भागणी दोनच्या आसपास येते. कमी स्फटिकांच्या फिल्टरमध्ये पायथा पसरतो. के-३ च्या यादीत काही फिल्टर पाच स्फटिकांचे होते, काही आठांचे. किमतीत थोडा फरक होता. सीडब्ल्यूसाठी तो फरक द्यावा असं माझं मत झालं आणि ते अजून बदललेलं नाही.

काकांच्या रेडिओत गाळायचं सगळं काम स्फटिकच करतात. के-३ मध्ये स्फटिकांच्या मागे डीएसपी आहे, म्हणजे सिग्नलचे आकडे करून गणिताने गाळणारी चिप. बटण फिरवलं की रुंदी पन्नास हर्ट्झपर्यंत खाली येते, फुकट. मग स्फटिकांचे पैसे द्यायचे कशाला, हा प्रश्न मी काकांना विचारला आणि पुढे अनेकांनी मला विचारला.

उत्तर रॉब शेरवूड या अमेरिकन हॅमने १९७० च्या दशकात शोधलं होतं. त्याच्याकडे ड्रेक कंपनीचा आर-४सी हा नामांकित रिसीव्हर होता. शेवटच्या टप्प्यात अरुंद फिल्टर असूनही काँटेस्टच्या गर्दीत तो गोंधळून जाई. कारण अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला फिल्टर आठ किलोहर्ट्झ रुंद होता. शेरवूडने तिथे सहाशे हर्ट्झचा फिल्टर बसवला आणि गोंधळ गेला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या अशा फिल्टरला आता ‘रूफिंग’ म्हणतात. मागच्या साऱ्या भागांवर तो छपरासारखा असतो. पुढे शेरवूडने बाजारात येणारे रिसीव्हर मोजले आणि दोन सिग्नल फक्त दोन किलोहर्ट्झ अंतरावर असताना कोण किती टिकतो, यावर त्यांची यादी लावली. फिल्टर निवडणाऱ्याने ती एकदा तरी पाहावी.

हे सोसायटीच्या उदाहरणाने सांगते. डीएसपी म्हणजे फ्लॅटचं दार, रूफिंग फिल्टर, म्हणजे के-३ मधले स्फटिक, हे सोसायटीचं फाटक. फाटक सताड उघडं असेल तर बँडबाजासकट वरात आवारात शिरते. तुम्ही फ्लॅटचं दार घट्ट लावता, ढोल आत येत नाही. पण समोर बसलेली आजी हळू आवाजात काही सांगतेय तेही कळत नाही, कारण घर हादरतंय. रेडिओत हादरण्याची जागा एजीसी घेते. मोठा सिग्नल आला की हे सर्किट आपोआप आवाज खाली ओढतं. जो सिग्नल डीएसपी तुम्हाला ऐकूच देणार नाही, तो आवारात शिरून एजीसीला ओढून जातो आणि तुमचं क्षीण स्टेशन त्याच्या प्रत्येक टिपक्याला बुडतं. फाटक अरुंद असेल तर वरात रस्त्यावरूनच पुढे जाते.

१९८० च्या दशकात बऱ्याच कंपन्यांनी सिग्नलचं पहिलं रूपांतर, म्हणजे तो आधी ज्या कंप्रतेवर आणला जातो ते, ४५ ते ७५ मेगाहर्ट्झवर नेलं, कारण त्यात एकाच रेडिओत सगळे बँड सोयीने बसत. पण तितक्या वर चारशे हर्ट्झची फट पाडणं फार अवघड. म्हणून त्या रेडिओंची फाटकं पंधरा-वीस किलोहर्ट्झची राहिली आणि मागे कितीही महागडे फिल्टर घातले तरी काँटेस्टमध्ये त्यांची दमछाक होई. २००३ च्या सुमाराला आलेला टेन-टेकचा ओरायन आणि मग के-३ पुन्हा खाली, आठ-नऊ मेगाहर्ट्झकडे आले ते याचसाठी. जुना रेडिओ घेऊन त्यात फिल्टर घालण्याचा विचार असेल तर पहिलं रूपांतर किती मेगाहर्ट्झवर आहे ते आधी पाहा. ते वर असेल तर अरुंद फिल्टरने कानाला आराम मिळेल, फाटक मात्र अरुंद होणार नाही.

आता अरुंदाच्या मोहाबद्दल, कारण माझे अर्धे पैसे तिथेच जाणार होते. के-३ चा आठ स्फटिकांचा ‘२५०’ हर्ट्झचा फिल्टर प्रत्यक्ष मोजला की सुमारे ३७० हर्ट्झ भरतो. ‘४००’चा भरतो सुमारे ४३५. दोघांत फरक पासष्ट हर्ट्झचा. हे समजायच्या आधी मी दोन्ही मागवायला निघाले होते! खरोखर अरुंद हवा तर पाच स्फटिकांचा २०० आहे, तो नावाप्रमाणे सव्वादोनशेच्या आत भरतो, पण त्याचा उतार सौम्य. आणि कुठलाही अरुंद फिल्टर घंटेसारखा वागतो. देवळातली घंटा एकदा वाजवली की नाद लगेच थांबत नाही. स्फटिकाला जितकं काटेकोर कराल तितका त्याचा नाद लांबतो. वेगाने येणारे मोर्सचे टिपके मग एकमेकांत मिसळून विरघळल्यासारखे ऐकू येतात. त्याशिवाय, चारशेच्या फटीत मला बोलावणारा माणूस दीडशे हर्ट्झ बाजूला असला तरी सापडतो. दोनशेच्या फटीत तो हाका मारत राहतो आणि मी बँड मोकळा आहे असं समजत बसते.

गोंगाटाचा हिशेबही करून पाहिला. २.७ किलोहर्ट्झवरून ४०० हर्ट्झवर आलं की पार्श्वभूमीचा गोंगाट साधारण आठ डेसिबलने घटतो. कानाला हा फरक मोठा असतो. ४३५ वरून ३७० वर आलं की एक डेसिबलही घटत नाही. शिवाय गोंगाट तर डीएसपीही तितकाच घटवतो.

नाशिकची मैत्रीण पूर्ण साइडबँडवाली आहे. तिच्या सेटमध्ये २.७ शिवाय १.८ आहे. ‘‘काँटेस्टच्या रात्री १.८ देवासारखा,’’ ती म्हणाली, ‘‘पण नेटवर लावला की अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं.’’ तिने मला दोन्ही ऐकवले. मराठीतले स, श, फ हे सगळे वरच्या पट्टीत राहणारे आवाज; अठराशे हर्ट्झच्या फटीतून ते जवळजवळ सारखेच येतात. कॉलसाइनमधला, म्हणजे स्टेशनच्या ओळखनावातला, ‘एस’ आणि ‘एफ’ कळेना. फोनेटिक शब्द वापरले की निभतं, पण गप्पांना ती कसली मजा? २.१ चा तिने आधी घेतला होता आणि विकला. २.७ आणि २.१ मध्ये तिला विशेष अंतर जाणवलं नाही, आणि मधलं काम डीएसपी करतोच. तिच्याकडूनच आणखी एक गोष्ट कळली: के-३ मध्ये बोलताना आपला आवाजही याच फिल्टरमधून बाहेर जातो. साइडबँडवर प्रसारणासाठी २.७ किंवा २.८ आत असायलाच हवा, एएमवर ६ चा, एफएमवर १३ चा. म्हणजे काही फिल्टर ऐकण्यासाठी नव्हे, बोलण्यासाठी घ्यावे लागतात.

पुण्यातला एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी फक्त एफटी८ वर असतो. ही २०१७ मध्ये ज्यो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणलेली संगणकी पद्धत. पन्नासेक हर्ट्झचे कितीतरी सिग्नल तीन किलोहर्ट्झच्या पट्टीत एकदम येतात आणि संगणक सगळे एकत्र उलगडतो. त्याला अरुंद फिल्टर अडचणच करेल. त्याने एक पैसा खर्च करू नये, असं मी त्याला सांगितलं आणि त्याने माझं ऐकून पैसे अँटेनाच्या केबलवर घातले.

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, मी फिल्टर शोधायला गेले नव्हते, तिथे ते मिळतही नाहीत. काकांनी स्फटिक आणायला धाडलं होतं: एकाच बॅचचे दहा मेगाहर्ट्झचे पन्नास. ‘‘विकत घेण्याआधी एकदा बांधून पाहा. मग कशाचे पैसे देताय ते कळेल.’’ आपल्याकडे ही परंपरा मोठी आहे. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३-०४ च्या सुमाराला बीआयटीएक्स हा साइडबँड सेट मांडला. त्यातल्या फिल्टरमध्ये दहा मेगाहर्ट्झचे साधे, बाजारात मिळणारे स्फटिक शिडीसारखे एकापुढे एक जोडलेले होते, आणि कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर. आयात करायची ऐपत नसलेल्या कितीतरी जणांनी तो बांधला. भारताबाहेरही तो पोचला. त्याच्याही आधी, रंगीत टीव्हीच्या ४.४३ मेगाहर्ट्झच्या सुट्या स्फटिकांतून फिल्टर बांधल्याचं काका सांगतात.

काकांच्या जेवणाच्या टेबलावर स्टीलचं ताट, ताटात पन्नास स्फटिक. एकेक छोट्या ऑसिलेटरमध्ये खोवायचा, काउंटरवर कंप्रता वाचायची, शेवटचे चार आकडे चिठ्ठीवर लिहून त्यावर चिकटवायची. बोटाच्या उबेनेही आकडा सरकतो, म्हणून चिमट्याने धरायचा आणि मिनिटभर थांबायचं. सगळ्यांवर छाप एकच, दहा मेगाहर्ट्झ. प्रत्यक्षात शेकडो हर्ट्झचा फरक. पन्नासांतून एकमेकांशी पन्नास हर्ट्झच्या आत जुळणारे आठ निघाले तेव्हा काकूंनी दुसऱ्यांदा चहा केला होता. नॅनोव्हीएनए या तळहाताएवढ्या यंत्रावर आम्ही बांधलेल्या फिल्टरचा आलेख काढला. माथा थोडा ओबडधोबड, एक बाजू कड्यासारखी, दुसरी सोंडेसारखी. शिडीच्या रचनेत हे व्हायचंच, काका म्हणाले. तो आलेख माझ्याकडे अजून आहे. आठ स्फटिकांचा विकतचा फिल्टर हातात आला तेव्हा त्याच्या किमतीबद्दलची माझी तक्रार संपली होती.

मी ४०० चा एकच फिल्टर घेतला. बसवायला अर्धा तास लागला. झाकण काढायचं, पट्टीवर खोचायचा, मेन्यूत त्याची रुंदी आणि जागा नोंदवायची; अरुंद फिल्टरमध्ये सिग्नल थोडा घटतो म्हणून दोन-तीन डेसिबल वाढवून द्यायचे. पाच स्फटिकांचे फिल्टर असतील तर प्रत्येकाच्या अंगावर लिहिलेला कंप्रतेचा सरकाव मेन्यूत भरावा लागतो, तो विसरू नये. वापरलेला फिल्टर घेणाऱ्याने तो आधी नॅनोव्हीएनएवर पाहावा.

पहिल्याच रात्री निराशा झाली. दिवाळी होती. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरची पट्टी रिकाम्या बँडवर सातवर अडकलेली आणि फिल्टर लावून कानात तीच खरखर, फक्त बारीक आवाजात. दीड तास मेन्यू तपासत बसले. शेवटी शेजारच्या मुलाला हाक मारली आणि त्याला आमच्या विंगमधल्या दिव्यांच्या माळा एकेक करून बंद करायला लावल्या, प्रत्येक घरी विचारून. पहिल्या मजल्यावर काही नाही. दुसऱ्यावर पट्टी जराशी हलली. तिसऱ्या मजल्यावरच्या आकाशकंदिलाचा अ‍ॅडॅप्टर त्याने काढला आणि पट्टी तीनवर आली. एस-मीटरचं एक घर सहा डेसिबलचं धरतात; चार घरं म्हणजे चोवीस.

कंदील बंद ठेवा असं दिवाळीत कुणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी त्या अ‍ॅडॅप्टरची वायर फेराइटच्या कड्यातून नऊ वेळा ओवून दिली. कंदील पुन्हा लागला, पट्टी चारच्या खाली राहिली. नोव्हेंबरच्या काँटेस्टमध्ये पहाटे साडेतीनला ७.०१२ वर एका जोरदार युरोपियन स्टेशनच्या अर्धा किलोहर्ट्झ वर काहीतरी असल्यासारखं वाटलं. चारशेचा लावला. युरोपियन गेला. उरला तो दक्षिण अमेरिकेतला एक क्षीण सिग्नल, सावकाश पाठवणारा. दोनदा माझं कॉलसाइन चुकीचं घेतलं त्याने, तिसऱ्यांदा बरोबर. लॉगमध्ये वेळ लिहिली. रेडिओतल्या तीन जागा अजून मोकळ्या आहेत.